सेलेनियम आणि सेपिया एकाच प्रिंटवर: ढग का उडाले, डोंगर का तपकिरी झाला

ऐरोलीच्या फ्लॅटमधल्या बाथरूममध्ये तुम्ही डार्करूम थाटली आहे. मुंब्र्याच्या डोंगरावर पावसाळी ढग उतरलेत आणि खाली खाडीत काळ्या होड्या उभ्या आहेत, अशा एका निगेटिव्हवर तुमचं मन बसलंय. सेपिया आणि सेलेनियम या दोन टोनरनी, म्हणजे तयार प्रिंटचा रंग बदलणाऱ्या द्रावणांनी, ढगांना सेपियाची ऊब आणि डोंगराला, होड्यांना सेलेनियमचा जांभळट काळा रंग, असं तुम्हाला हवंय. पहिल्यांदा सेलेनियम एकास नऊ (एक भाग टोनर, नऊ भाग पाणी) पाच मिनिटं, मग ब्लीच, मग सेपिया असं केलंत, तर सगळी प्रिंट एकसारखी तपकिरी झाली. दुसऱ्यांदा ब्लीचचा वेळ कमी केलात, तर ढगच गेले आणि सेपियात घातल्यावरही परत आले नाहीत. म्हणून तुम्ही विचारलंय की आधी कुठला टोनर आणि कशात नेमकी किती मिनिटं.

मिनिटं कशी ठरवायची ते पुढे सांगते. पण तुमच्या दोन प्रिंट दोन वेगळ्या कारणांनी बिघडल्या आहेत आणि ती कारणं समजल्याशिवाय आकडे उपयोगाचे नाहीत. दोन टोनरची वाटणी कुठे होणार हे मुख्यतः ब्लीच ठरवतं, आणि ब्लीच नीट वागणार की नाही हे त्याआधीच्या धुण्यावर ठरतं. बहुतेक जण सगळं लक्ष टोनरच्या ट्रेकडे देतात. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांच्या प्रिंट बघते तेव्हा बिघाड त्याच्या आधीच झालेला असतो.

दुसऱ्या प्रिंटपासून सुरू करते, कारण खरी गोम तिथे आहे. सेपियाच्या ब्लीचमध्ये पोटॅशियम फेरीसायनाइड आणि पोटॅशियम ब्रोमाइड असतं. प्रिंटमधल्या काळ्या चांदीचं ते सिल्व्हर ब्रोमाइड करतं. चित्र फिकट होतं, पिवळसर होतं, पण ते कुठे जात नाही. चांदी तिथेच जिलेटिनमध्ये दुसऱ्या रूपात बसलेली असते, आणि पुढचा टोनर तिचं सिल्व्हर सल्फाइड करून चित्र तपकिरी रंगात परत आणतो. पण त्या कागदात हायपो, म्हणजे फिक्सरमधलं चांदीचे क्षार विरघळवणारं थायोसल्फेट, शिल्लक असेल, तर गणित बदलतं. ब्रोमाइड तयार झाल्या क्षणी हायपो ते विरघळवून टाकतो आणि ते पाण्याबरोबर निघून जातं. फेरीसायनाइड आणि हायपो एकत्र म्हणजे फार्मरचं रिड्यूसर, हॉवर्ड फार्मरने १८८३ मध्ये सांगितलेलं. प्रिंट मुद्दाम उजळ करायला आजही आपण तेच वापरतो. तुमच्या बाथरूममध्ये ते नकळत तयार झालं.

हायपो आला कुठून? तुम्ही म्हणता, फिक्सरनंतर प्रिंट भरपूर धुतली होती. मला ते पटतं. हा हायपो सेलेनियममधून आला. कोडॅकचा रॅपिड सेलेनियम टोनर घ्या किंवा इल्फर्डचा, त्यात अमोनियम थायोसल्फेट असतं, म्हणजे रॅपिड फिक्सरमध्ये असतं तेच. सेलेनियममधून काढलेली प्रिंट ही एका अर्थी पुन्हा फिक्स केलेलीच प्रिंट असते. ती नळाखाली दोन मिनिटं धरून थेट ब्लीचमध्ये घातली, की सगळ्यात कमी चांदी असलेला भाग, म्हणजे तुमचे ढग, पहिल्यांदा धुऊन निघतो.

हे माझ्या शब्दावर घेऊ नका, घरीच तपासून बघा. वाया गेलेल्या प्रिंटची एक पट्टी ब्लीचमध्ये घाला, फिकट होऊ द्या, पिवळेपणा जाईपर्यंत धुवा आणि खोलीतला साधा दिवा लावून नेहमीच्या पेपर डेव्हलपरमध्ये टाका. ब्लीचने फक्त ब्रोमाइड केलं असेल तर चित्र पूर्ण परत येतं, अगदी ढगांच्या कडांसकट. हायपोने खाल्लं असेल तर काळे भाग येतील आणि ढगांच्या जागी कोरा कागद राहील. हीच युक्ती चांगल्या प्रिंटलाही वाचवते. ब्लीच हवं त्यापेक्षा पुढे गेलं तर सेपियात घालायची घाई न करता धुवा, डेव्हलपरमध्ये परत आणा, पुन्हा धुवा आणि नव्याने सुरू करा. परत आलेल्या चित्राचा काळा रंग किंचित बदललेला वाटू शकतो, पण टोनिंगला त्याने अडत नाही.

आता पहिली प्रिंट. इथे सेलेनियमने गडद भाग पुरेसे झाकले नव्हते आणि ब्लीच पूर्ण ताकदीचं होतं. सेलेनियम चांदीचं सिल्व्हर सेलेनाइड करतं आणि त्याला ब्लीच सहसा हात लावत नाही. स्प्लिट टोनिंगचा, म्हणजे एकाच प्रिंटवर दोन टोनर वाटून देण्याचा, सगळा डोलारा यावर उभा आहे: सेलेनियम गडद भागांपासून वर चढतं, ब्लीच उजळ भागांपासून खाली उतरतं, आणि दोघांची गाठ कुठे पडते ते आपण ठरवायचं. सेलेनियम चढलंच नसेल आणि ब्लीच तळापर्यंत पोचलं असेल, तर जे उरतं ती नुसती सेपिया प्रिंट.

पण पाच मिनिटांत ते का चढलं नाही? हे तुमच्या कागदावर अवलंबून आहे आणि तुम्ही कागद लिहिलेला नाही. इल्फर्डचा मल्टिग्रेड आरसी (प्लास्टिकचा लेप असलेला) डीलक्स असेल, तर सेलेनियमचा परिणाम डोळ्यांना फार कमी दिसतो. काळा जरा गहिरा होतो, रंग जवळजवळ बदलत नाही. इल्फर्डचा वॉर्मटोन फायबर (प्लास्टिकचा लेप नसलेला) कागद असेल तर बदल स्पष्ट दिसतो. फोमाचा फोमाटोन १३१ तर इतका हळवा आहे की एकास नऊला दोन-तीन मिनिटांतच तांबूस व्हायला लागतो. क्लोरोब्रोमाइड, म्हणजे ऊबदार रंगाचे कागद सेलेनियमला पटकन बळी पडतात, थंड रंगाचे ब्रोमाइड कागद कष्टाने. त्यामुळे दुसऱ्या कुणाची मिनिटं तुमच्या कागदावर लावून काही हाती लागत नाही. शिवाय टोनर किती वापरलेला आहे आणि किती गरम आहे यावरही तीच मिनिटं दुप्पट किंवा निम्मी होतात.

आधी कोण, या तुमच्या प्रश्नाचं उत्तरही मी कागद बघूनच देते. कागद सेलेनियमला रंग बदलून प्रतिसाद देत असेल, तर सेलेनियम आधी. ते किती वर चढलंय हे डोळ्यांना दिसतं, हव्या त्या जागी थांबवता येतं, आणि मग ब्लीच थोडं जास्त झालं तरी गडद भाग सुरक्षित असतात. दोन रंगांतली सीमाही जास्त ठळक येते. कागद सेलेनियमला फारसा रंग देत नसेल, विशेषतः आरसी असेल, तर सेपिया आधी. कारण अशा कागदावर सेलेनियम कुठवर पोचलंय हे दिसतच नाही, आपण अंदाजाने चालतो. ब्लीच मात्र कुठल्याही कागदावर डोळ्यांसमोर चालतं. आधी ढग तपकिरी करून घ्यायचे, मग उरलेल्या चांदीला सेलेनियम द्यायचं. या क्रमात एकच पथ्य कडक पाळायचं: सेपिया पूर्ण होऊ द्या. ब्लीच झालेलं थोडंही ब्रोमाइड तसंच राहिलं आणि प्रिंट सेलेनियममध्ये गेली, तर त्यातला हायपो ते विरघळवतो आणि पुन्हा ढग जातात, फक्त दुसऱ्या दारातून.

तुम्ही नवीन आहात, तर कागद कोणताही असला तरी सुरुवात सेपिया आधी या क्रमाने करा, असं मला वाटतं. त्यात शिकायला जास्त मिळतं.

टोनिंगच्या आधीचं छपाईचं काम इथे महत्त्वाचं आहे. टोनिंगसाठीची प्रिंट मुळातच वेगळी छापावी लागते. थायोयुरियाच्या सेपियात उजळ भाग थोडे हलके होतात. जो ढग काळ्या-पांढऱ्या प्रिंटमध्ये अगदी बरोबर दिसतो, तो टोनिंगनंतर फिका पडतो. म्हणून ढगांना दहा-पंधरा टक्के जास्त एक्स्पोजर द्या, ओली प्रिंट बघताना ते जरासे मळकट वाटले पाहिजेत. त्याउलट सेलेनियम काळ्याला आणखी खोल करतं, म्हणून होड्यांमध्ये आत्ताच तपशील बुडाला असेल तर तो टोनिंगनंतर मुळीच दिसणार नाही. होड्यांच्या दोऱ्या, नांगर, त्यावर वाळत घातलेली जाळी दिसायला हवी असतील तर ती प्रिंटमध्ये आधी स्वच्छ दिसली पाहिजेत. पूर्ण डेव्हलप झालेली प्रिंट घ्या. घाईने डेव्हलपरमधून लवकर ओढून काढलेली प्रिंट टोनरमध्ये डागाळल्यासारखी, असमान होते.

फिक्सिंगमध्येही हलगर्जी चालत नाही. अर्धवट फिक्स झालेल्या कागदात जे चांदीचे क्षार राहतात ते सेपियात आणि सेलेनियममध्ये रंग धरतात, आणि पांढऱ्या कडेवर पिवळे डाग उमटतात. दोन ट्रेंमध्ये ताजं रॅपिड फिक्सर ठेवा. फायबर कागद असेल तर फिक्सरनंतर सोडियम सल्फाइटच्या एक-दोन टक्के द्रावणात दहा मिनिटं घाला, मग धुवा. सल्फाइट हायपोला कागदाच्या तंतूंमधून सुटायला मदत करतं, आणि आपल्याकडच्या पाण्याच्या टंचाईत त्याचा मोठा आधार आहे. नळ वाहता ठेवायची गरज नसते; ट्रे भरा, पाच मिनिटं हलवत राहा, पूर्ण ओता, पुन्हा भरा. असं आठ-दहा वेळा केलेलं धुणं तासभर बारीक धार सोडण्यापेक्षा चांगलं होतं. आरसीला चार-पाच पाणी पुरतात. सेलेनियम आणि ब्लीच यांच्यामध्येही एवढंच धुणं, तसूभरही कमी नाही.

आता ब्लीच. मी फेरीसायनाइड १०० ग्रॅम आणि ब्रोमाइड १०० ग्रॅम पाण्यात विरघळवून एक लिटर स्टॉक, म्हणजे वापरताना पातळ करायचं घट्ट द्रावण, करते आणि गडद बाटलीत ठेवते. साध्या सेपियासाठी हा स्टॉक एकास नऊ वापरतात. स्प्लिटसाठी ती ताकद फार जास्त आहे. ढग पंधरा सेकंदांत जातात आणि आपण चिमटा उचलेपर्यंत डोंगराचा उतारही गेलेला असतो. एक लिटर पाण्यात ३० मिलिलिटर स्टॉक घ्या. त्याहून पातळ केलं तरी चालेल, फक्त वेळ वाढेल आणि तो वेळच तुम्हाला हवा आहे.

ट्रेमध्ये बघायचं कुठे? सगळ्या प्रिंटवरून नजर फिरवत राहिलात तर काहीच कळणार नाही. ढगांचा सगळ्यात उजळ भाग आणि त्याला लागून असलेला राखाडी पट्टा, यांच्यामधली कड पकडून बसा. पहिली काही सेकंदं काहीच होत नाही. मग ढगाच्या पांढऱ्यातली नाजूक राखाडी छटा गव्हाच्या कोंड्यासारखी पिवळट होते. त्यानंतर तो पिवळेपणा डोंगरमाथ्यावरच्या धुक्यात सरकतो. धुकं आणि कातळ यांच्या सीमेला तो पोचायच्या आत प्रिंट उचला. पोचल्यावर उचललीत तर उशीर झाला, कारण कागदात शोषलेलं ब्लीच पाण्यात पडेपर्यंत आणि पाण्यात पडल्यावरही थोडा वेळ काम करत राहतं. दूध उतू जाताना दिसलं की गॅस बंद करून उपयोग नसतो, तसंच हे. उचलल्यावर लगेच भरपूर पाण्यात बुडवा आणि पांढऱ्या कडेचा पिवळा रंग पूर्ण जाईपर्यंत धुवा. तो पिवळा राहिला तर टोनरमध्ये डाग पडतो.

एक गोष्ट ब्लीचमध्ये डोळ्यांना फसवते. पातळ ब्लीचमध्ये मधले टोन तसेच दिसतात, पण त्यांच्यातली थोडी चांदी आधीच बदललेली असते. ते टोनरमध्ये गेल्यावरच कळतं. त्यामुळे ट्रेमध्ये जितकं दिसतंय त्यापेक्षा सेपिया थोडी खालपर्यंत जाईल, हे धरूनच चाला. मनात ढग आणि धुकं असेल तर ब्लीच फक्त ढगांवर थांबवा.

सेपियासाठी मी थायोयुरिया वापरते. जुन्या पद्धतीचा सोडियम सल्फाइड स्वस्त आणि सुंदर आहे, पण सडक्या अंड्यांचा वास पूर्ण मजल्यावर जातो. आणि त्यात चुकून स्टॉप बाथसारखं ॲसिड मिसळलं तर विषारी हायड्रोजन सल्फाइड सुटतो. खिडकी नसलेल्या बाथरूममध्ये तो आणूच नका. शिवाय तो वायू उघड्या कागदाला आणि फिल्मला धुकट करतो. थायोयुरियाला वास नाही. १०० ग्रॅम थायोयुरिया एक लिटर पाण्यात आणि १०० ग्रॅम कॉस्टिक सोडा दुसऱ्या एक लिटरमध्ये, असे दोन स्टॉक करा. कॉस्टिक नेहमी गार पाण्यात थोडं थोडं टाकायचं, पाणी कॉस्टिकवर कधीच ओतायचं नाही. द्रावण तापतं आणि उसळू शकतं. वापरताना एक लिटर पाण्यात दोन्हीचे प्रत्येकी ५० मिलिलिटर घ्या, मधला तपकिरी रंग येतो. कॉस्टिकचं प्रमाण वाढवलं की रंग थंड, चॉकलेटी होतो. थायोयुरिया वाढवला की पिवळट, मधासारखा. मुंब्र्याच्या पावसाळी ढगांना मी पिवळट रंग देणार नाही. तो उन्हाचा रंग आहे आणि तुमच्या चित्रात ऊन नाही. एक भाग थायोयुरियाला तीन भाग कॉस्टिक, असं सुरू करा.

टोनरमधलं काम झटपट होतं, मिनिटभरात. इथे वेळ बघायचा नाही. ब्लीच झालेलं सगळं परत येईपर्यंत थांबायचं आणि वर आणखी एक-दोन मिनिटं ठेवायचं, वरच्या पथ्यासाठी. जास्त ठेवल्याने बिघडत नाही. मग पुन्हा पूर्ण धुणं.

सेलेनियम आता. एकास एकोणीस घ्या, म्हणजे चढण सावकाश होईल. शेजारी पाण्याच्या ट्रेमध्ये त्याच निगेटिव्हची, टोनिंग न केलेली ओली प्रिंट ठेवा. ही दुसरी प्रिंट नसेल तर टोनिंग करूच नका, इतकं तिचं महत्त्व आहे. डोळा काही मिनिटांत नव्या रंगाला सरावतो आणि बदल झाला की नाही हे कळेनासं होतं. आधी होड्यांच्या काळ्यातली हिरवट झाक जाते. ती होती हेच शेजारची प्रिंट बघितल्यावर लक्षात येतं. मग काळा जड होतो, जणू त्याच्यात आणखी एक थर आला. त्यानंतर, कागद ऊबदार असेल तर, डोंगराच्या सावलीत वांग्याच्या सालीचा रंग यायला लागतो. मी इथे थांबते. याच्यापुढे तो तांबूस होतो आणि सेपियाच्या तपकिरीशी भांडतो. दोन रंग जवळ आले की स्प्लिट टोनिंग केल्याचा अर्थच राहत नाही. सेलेनियम आधी करत असाल तर याच खुणेवर थांबायचं, फक्त शेवटचं धुणं ब्लीचच्या आधी करायचं.

दिवा कोणता आहे तेही बघा. बाथरूममधल्या पिवळ्या बल्बखाली सेपिया दिसतच नाही आणि निळसर स्वस्त एलईडीखाली सगळंच जांभळं दिसतं. टोनिंग उजेडात करायचं काम आहे, डार्करूममध्ये कोंडून घ्यायची गरज नाही. सकाळी ड्राय बाल्कनीत, थेट ऊन नसताना करा. उजेड खरा मिळतो आणि सेलेनियमचा अमोनियाचा वासही बाहेर जातो.

थोडक्यात, तुमचा क्रम असा राहील: ढग जरा गडद छापलेली प्रिंट, दोन फिक्सर, पूर्ण धुणं, पातळ ब्लीच ढगांपुरतं, पिवळेपणा जाईपर्यंत पाणी, थायोयुरिया पूर्ण, पूर्ण धुणं, सेलेनियम एकास एकोणीस, शेजारची प्रिंट बघत, आणि फायबर असेल तर पुन्हा सल्फाइट आणि शेवटचं धुणं.

आता आपल्या हवेचं आणि पाण्याचं, कारण परदेशी माहितीपत्रकात हे नसतं. त्यात सगळे वेळ २० अंश सेल्सियसला धरलेले असतात. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतून येणारं पाणी ३० अंशांच्या पुढे असतं. ब्लीच आणि सेलेनियम दोन्ही त्यात धावतात, आणि जिलेटिन मऊ पडून चिमट्याचे ओरखडे उठतात. मोठ्या टबात पाणी आणि बंद पिशवीतला बर्फ घालून त्यात ट्रे ठेवा, २४-२५ अंशांपर्यंत आणलंत तरी पुरे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे सगळे ट्रे आणि धुण्याचं पाणी जवळपास एकाच तापमानाचं असू द्या.

पाण्यातल्या लोखंडावर लक्ष ठेवा. नवी मुंबईत मोरबे धरणाचं पाणी येतं, ते स्वच्छ असतं. पण जुन्या इमारतीतल्या गंजलेल्या लोखंडी पाइपांतून किंवा टँकरमधून आलेल्या पाण्यात गंजाचे कण असतात. घोडबंदर रोडच्या सोसायट्यांमध्ये राहणाऱ्यांना टँकरचं पाणी नवं नाही. गंजाचा कण फेरीसायनाइडला भेटला की प्रशियन ब्लू तयार होतो आणि तपकिरी ढगात निळा ठिपका उमटतो. थायोयुरियाच्या कॉस्टिकमध्ये त्यातले काही निघतात, सगळे नाही. नळाला साधा कार्ट्रिजवाला सेडिमेंट फिल्टर लावा, आणि ब्लीचसाठी टवका उडालेला इनॅमलचा ट्रे वापरू नका. त्याखालचा पत्रा हेच काम करतो.

पावसाळ्यात फायबर प्रिंट सुकायला दीड-दोन दिवस घेतात. नायलॉनच्या जाळीवर पालथ्या ठेवा, पंखा छताचा आणि मंद. रंगाचा निकाल ओल्या प्रिंटवर देऊ नका. सुकताना उजळ भाग थोडे गडद होतात, सेपियाचा रंगही बदललेला वाटतो; आणि ओल्यात जी सीमा कर्कश वाटत होती ती कितीदा तरी सुकल्यावर शांत होते.

जुना कागद वापरत असाल तर एक सावधगिरी. उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा इंदू कागद अजून कुणाच्या माळ्यावर सापडतो, आणि त्याच्यावर काम करायचा मोह मलाही आहे. पण इतक्या वर्षांनी त्याला धुकट राखाडी थर चढलेला असतो. तो थर म्हणजे चांदीच. ब्लीच सगळ्यात आधी त्याच्यावर पडतं आणि सेपियात पांढऱ्या कडाही बिस्किटी रंगाच्या होतात. मुद्दाम तसं हवं असेल तर छान दिसतं. तुमच्या ढगांना ते चालणार नाही, ताजा कागद घ्या.

हाताळणीचं सांगणं अनेकांना कंटाळवाणं वाटतं, पण माझ्यासाठी ते रंगाइतकंच महत्त्वाचं आहे. सेलेनियमची संयुगं विषारी आहेत, त्वचेतून आणि श्वासातून शरीरात जातात. नायट्राइल हातमोजे, प्रत्येक ट्रेचा वेगळा चिमटा, हवा खेळती. थायोयुरिया कर्करोगाच्या दृष्टीने संशयित आहे. पावडर तोलताना मास्क लावा, आणि ती डार्करूममध्ये तोलूच नका, तिची धूळ कागदाला धुकट करते. फेरीसायनाइडला ॲसिडपासून दूर ठेवा. टोनिंगचं भांडं, मोजमाप, टब यातलं काहीही पुन्हा स्वयंपाकघरात जाऊ देऊ नका. घरात लहान मूल असेल तर बाटल्या कुलुपात.

आणि वापरलेलं सेलेनियम बेसिनमध्ये ओतू नका. हे मी ठाण्यात बसून विशेष कळकळीने लिहिते आहे. तुमच्या ऐरोलीला लागून जी खाडी आहे, ती २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आली. सेलेनियम पाण्यातून शेवाळात, शेवाळातून किड्यांत, तिथून पक्ष्यांत साठत जातं. कॅलिफोर्नियातल्या केस्टरसन जलाशयात शेतांतून वाहून आलेल्या सेलेनियममुळे पाणपक्ष्यांची पिल्लं व्यंग घेऊन जन्मल्याचं १९८३ मध्ये उघड झालं होतं. आपल्या एका ट्रेने खाडी मरणार नाही हे मला कळतं. पण ही गोष्ट टाळणं इतकं सोपं आहे की न टाळण्याला कारणच नाही. सेलेनियमचं काम करणारं द्रावण महिनोन्‌महिने टिकतं. गाळा, बाटलीत परत ओता, मंद झालं की ताज्या टोनरची थोडी भर घाला. अगदीच संपल्यासारखं वाटलं तर त्यात वाया गेलेल्या फायबर प्रिंट दिवसभर बुडवून ठेवा, उरलंसुरलं बरंचसं सेलेनियम त्यांतली चांदी घेते. तरीही फेकायची वेळ आली तर लेबल लावलेल्या बाटलीत साठवा आणि महापालिकेकडे घरगुती घातक कचऱ्यात द्या.

एक प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, तरी सांगते: हे चित्र स्प्लिट टोनिंगला योग्य आहे का? तुमच्या वर्णनावरून मला ते अगदी योग्य वाटतं. उजळ आणि गडद भाग मोठाल्या, वेगवेगळ्या तुकड्यांत आहेत, ढग वर, डोंगर खाली, मध्ये धुकं. दोन रंगांना आपापली जागा मिळते आणि धुक्यात ते एकमेकांत विरतात. याउलट वडाची पानं, खडी, मासळी बाजारातली गर्दी अशी चित्रं, जिथे काळं आणि पांढरं बोटभर अंतरावर मिसळलेलं असतं, ती स्प्लिटमध्ये गढूळ दिसतात. तिथे एकच टोनर घ्या आणि मन लावून करा.

पुढच्या रविवारी थेट मोठ्या प्रिंटवर जाऊ नका. त्याच निगेटिव्हच्या तीन सारख्या प्रिंट काढा. एक तशीच पाण्यात ठेवा. दुसरीच्या उभ्या पट्ट्या कापा, प्रत्येकीत वर ढग, मध्ये धुकं, खाली होडी आली पाहिजे. पट्ट्या ब्लीचमध्ये वेगवेगळा वेळ ठेवा, पंधरा-पंधरा सेकंदांच्या फरकाने, मागे पेन्सिलीने वेळ लिहून. सगळ्या एकदम सेपियात, मग एकदम सेलेनियममध्ये, आणि एक पट्टी दर दोन मिनिटांनी बाहेर. सुकल्यावर खिडकीत ओळीने मांडा आणि जी आवडेल तिचा वेळ तिसऱ्या प्रिंटला द्या. मला पुन्हा लिहाल तेव्हा कागदाचं नाव, पाण्याचं तापमान आणि सेलेनियमनंतर किती पाणी बदललीत एवढं कळवा. ढग तरीही गेले, तर डेव्हलपरची चाचणी काय म्हणाली तेही.